किती गिळू तुमचं औषध?

मित्रांनो, मी गाळ आहे. हसनाबादकडच्या एका शिवारात पाझर तलाव आहे, त्याच्या तळाशी पडलेला जुना, काळा, चिकट गाळ. मी पायाला लागलो की लोक नाक मुरडतात आणि घाईघाईने पाय धुतात. त्याचं मला काही वाटत नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, आणि तो आज मी बोलून दाखवणार आहे.

मूळचा मी वरच्या माळाची माती. पावसाळ्यात ओढ्याबरोबर थोडा थोडा वाहत आलो आणि इथे बसलो. माझ्या पोटात शिंपले राहिले, गोगलगायी राहिल्या, बारीक लाल अळ्या राहिल्या. मासे माझ्यात तोंड खुपसून पोट भरायचे. पुढे गिरिजाबाईंच्या बचत गटाने तलाव मासे पाळायला घेतला. त्या आणि त्यांचे मालक पुंजाराम दरवर्षी कटला-रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून पाण्यात सोडायचे. मासळी चांगली निघायची. गटातल्या बायकांचा संसार त्यावर उभा राहिला.

काठावर काकासाहेबांची कपाशी होती. तणनाशक मारून झालं की ते फवारणीचा पंप तलावात बुडवून खळखळून धुवायचे. त्यांचं बघून बाकीचेही धुवायला लागले. पाण्यावर पांढरा फेस यायचा. औषध पानावर पसरावं, चिकटावं म्हणून त्यात साबणासारखं एक द्रव घालतात. तुम्ही त्याला स्टिकर म्हणता. माशांच्या कल्ल्यांना तणनाशकापेक्षा तेच जास्त झोंबतं. मी माझ्या कणाकणाने ते पाण्यातून ओढून घ्यायचो आणि धरून ठेवायचो. पाणी निवळायचं, मासे वाचायचे. माझ्या कुशीतल्या गोगलगायी मात्र कमी होत गेल्या. कोणी पाहिलंच नाही. गोगलगायींना कोण मोजतो?

मग एका उन्हाळ्यात ठरलं की तलाव माझ्यामुळेच उथळ झाला. ते खरंही होतं, मी नाकारत नाही. पोकलेन आलं आणि मुरूम लागेपर्यंत मला खरवडून काढलं. ट्रॉल्या भरभरून मला शेतांत नेलं, तिथे पिकंही जोमात आली. हार घातले गेले, फोटो निघाले. सांडव्याजवळच्या दगडांच्या कपारीत पोकलेनचा हात पोचला नाही. तिथे उरलो तो मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

पावसाळ्यात तलाव भरला. गिरिजाबाईंनी बोटुकली सोडली. काकासाहेबांनी नेहमीसारखाच पंप धुतला, बाकीच्यांनीही धुतले. फेस पाण्यावर पसरला, आणि त्याला धरून ठेवायला तळाशी मी नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काठभर पांढरी पोटं तरंगत होती.

गिरिजाबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि मेलेली पिल्लं पदरात गोळा करू लागल्या. पुंजाराम म्हणाले, माशांचं बीजच खराब दिलं असेल. बीज देणारा म्हणाला, तुमचं पाणी तापलं. गावात कुजबुज झाली की कुणीतरी दावा साधला. फेस सगळ्यांनी पाहिला होता. त्याचं नाव कोणीच घेतलं नाही.

गिरिजाबाईंची मुलगी भावना बदनापूरला शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी ती घरी आली. तिने दोन बरण्यांत विहिरीचं स्वच्छ पाणी घेतलं. एकीत मला कपारीतून काढून घातलं, दुसरी तशीच ठेवली. दोन्हींत पंप धुतलेलं पाणी सारखंच ओतलं. ते निवळल्यावर तिने दोन्हींत बारीक पाणकिडे सोडले. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या बरणीतले सगळे मेले. माझ्या बरणीतले बहुतेक जगले. तिने बरण्या तशाच उचलल्या आणि पारावर नेऊन ठेवल्या. गाळाने आजवर काय केलं आणि आता काय घडलं, ते तिने गावाला समजावून सांगितलं.

मला वाटलं, आता तरी यांना कळेल. काकासाहेबांनी बरण्या निरखून पाहिल्या आणि म्हणाले, "मंग सोपं हाय. चार ट्रॉल्या गाळ परत टाकू. मंग पंप धुवायला काय हरकत?"

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मी ते विष धरून ठेवत होतो, गिळून ढेकर देत नव्हतो. ते जिरवायला मला वेळ लागतो, आणि पंप रोज येत होते. एवढी वर्षं मी राबलो, ते यांनी माझ्या डोक्यावर आणखी ओतावं म्हणून?

पण गिरिजाबाई उठल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "काकासाहेब, तुमच्या पिण्याच्या हौदात टाका ना दोन टोपले गाळ. अन् तिथं धुवा पंप. तुमी ते पाणी पेलात, की मी हितं धुवू देते."

काकासाहेब मान खाली घालून उठले. आता ते पंपाचं धुवण आपल्याच शेतात नेऊन फवारतात. गिरिजाबाईंनी पुन्हा बोटुकली सोडली आहे. पण कोणी नाही असं बघून अजूनही एखादा येतोच. मी कपारीतून फेस पाहतो. माझ्या हाती काही नसतं.

म्हणून सांगतो, माझं कौतुक करू नका. मला परत आणायचं तर माशांसाठी आणा, शिंपल्यांसाठी आणा, तुमची घाण लपवायला आणू नका. तलावाच्या काठी कोणी पंप बुडवताना दिसला, तर तो काका असो की मामा, त्याचा हात धरा. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.