सातव्या गाण्याची शेवटची ओळ

तंजावरच्या नदीकाठच्या टॉकीजमध्ये तो जुना तमिळ चित्रपट लागला, की त्यातले सातवे गाणे पडद्याबरोबर शेवटपर्यंत म्हणणारे मूल त्या गाण्यातच राहून जाई. आत्तापर्यंत चार मुले गेली होती. त्यांच्या आया रोज दहाच्या खेळाला येत, पुढच्या रांगेत बसत आणि पडद्यावरचे आपले पोर वाळले का, एवढे पाहून घरी स्वयंपाकाला जात.

पाचवी गेली तुलजा. ती मंगळवारी गेली.

बुधवारी तिची आई अंबुजा गाण्याच्या बाई कावेरीबाईंच्या दारात उभी राहिली.

"बाई, लागलेलं गाणं अर्ध्यावर सोडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं. चाळीस वर्षं तेच शिकवते आहे."

"मग या आता, बघा तिला. फार छान शिकवलंत."

सातवे गाणे राजकन्येच्या सख्यांचे होते. हातात दिवे घेऊन त्या नाचत, आणि शेवटची ओळ संपताच मांत्रिकाचा शाप लागून त्यांचे दगडी खांब होत. दुसऱ्या दिवशी सख्या पुन्हा नाचत. मुलांच्या अंगात मात्र कालचा दगड थोडा थोडा उरे. बुधवारी तुलजाचे घोटे हलले नाहीत. गुरुवारी गुडघे. शुक्रवारी ती कमरेपर्यंत खांब होती आणि वरून गोड गात होती. पहिली चार मुले आता नुसतेच खांब होती. त्यांच्या आया खांबांकडे बघून म्हणत, "आज जरा बरा दिसतोय."

दारावर तिकिटे फाडणारा मुरुगेसन म्हणाला, "टीचरम्मा, गाणं मध्येच तुटलं तर सुटेल ती. पण ती कुणाचं ऐकणार? आईनं हाका मारून झाल्या."

"माझं ऐकेल."

शनिवारी कावेरीबाई टॉकीजबाहेर विकतात ते, त्या चित्रपटाच्या गाण्यांचे गुलाबी कागदाचे पुस्तक घेऊन पडद्यापाशी उभ्या राहिल्या. अशा पुस्तकांत गोष्ट अर्धीच छापतात आणि खाली लिहितात, 'पुढील भाग पडद्यावर पाहावा.' सातवे गाणे सुरू झाले. दगड तुलजाच्या छातीपर्यंत आला होता.

"तुलजा, थांब. सोड गाणं."

तुलजाने गाता गाताच मान हलवली. कडवे संपून वाद्ये वाजू लागली तेव्हा ती म्हणाली, "बाई, परीक्षा घेताय ना? मी नाही फसणार."

मागे कुणीतरी हसले.

"परीक्षा नाही गं. खरंच सोड."

"मग आधी तुम्ही सोडून दाखवा."

कावेरीबाईंनी कधीच कोणते गाणे सोडून दाखवले नव्हते. त्यांनी तुलजाबरोबर दुसरे कडवे धरले. उजवा हात सवयीने मांडीवर पडला आणि ताल देऊ लागला. दगड तुलजाच्या खांद्यांशी आला. शेवटची ओळ तेवढी उरली होती. कावेरीबाईंनी श्वास घेतला आणि तोंड मिटले.

तुलजा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनेही तोंड मिटले. वाद्ये थांबली. तिने अजून मोकळ्या असलेल्या हातातला दिवा सोडला आणि तोच हात पुढे केला. तो कोपरापर्यंत पडद्याबाहेर आला. कावेरीबाईंनी तो डाव्या हाताने धरला. तो ऊन होता, बोटांना तेलाचा वास होता.

"ओढा, बाई!" अंबुजा ओरडली.

कावेरीबाईंनी ओढले. हात येईना. तुलजा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, मांडीकडे पाहत होती.

"गळा बसला तरी हात थांबवायचा नाही," ती पाठ म्हणून दाखवावे तशी म्हणाली. "ताल आहे तोवर गाणं आहे."

कावेरीबाईंनी खाली पाहिले. उजवा हात मांडीवर पडत होता, उलटत होता, पुन्हा पडत होता, आणि प्रत्येक ठोक्याला दगडावर दगड आपटल्याचा आवाज येत होता.