पाठीला पाठ

टेलरबाईनं पाकीट कडेनं कापलं. चिकटवलेलं झाकण फाडणं तिच्या हाताला जमतच नसे. तीस वर्षं कापड कापून हाताला एकच वळण पडलं होतं: शिवणीला धक्का न लावता बाजूनं कातर घालायची. धागे तोडायची ती छोटी कातर तिनं पर्समध्ये टाकली आणि कागद बाहेर ओढला. वरचं नाव वाचायची गरज नव्हती. तिचं स्वतःचं पाकीट तिच्या पाठीमागे होतं, पोस्टबाईच्या हातात.

हॉस्पिटलच्या त्या बाकाला टेकायला पाठ नव्हती. दोघी एकमेकींनाच टेकून बसल्या होत्या, एकीचं तोंड लिफ्टकडे, दुसरीचं खिडकीकडे. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, पन्नाशीच्या दोन बायका भांडून बसल्यात.

“झालं का गं?” पाठीमागून आवाज आला.

“थांब की जरा. मला एकेक अक्षर लावत वाचावं लागतं.”

“अक्षरंच लाव. काजं-बटणं करत बसू नकोस.”

टेलरबाई हसली. तिचं हसणं पोस्टबाईच्या पाठीला लागलं, पोस्टबाईचं तिच्या.

ही पद्धत हेडबाईंची. तीन वर्षांपूर्वी सलाइनच्या खोलीत खिडकीजवळच्या तीन खुर्च्या या तिघींच्या असत. एक कपडे शिवणारी, एक पोस्टात काउंटरवर बसणारी आणि एक शाळेतून निवृत्त झालेली हेडबाई. तिघींच्या छातीची एकेक बाजू गेलेली, तिघींच्या डोक्याला रुमाल. पहिल्या तपासणीचे रिपोर्ट आले तेव्हा पाकीट उघडायला कुणीच धजेना. हेडबाई म्हणाल्या होत्या, “आपला पेपर आपण तपासायचा नाही. माणूस स्वतःला एक तर फुकटचे मार्क देतो, नाही तर उगाच नापास करतो. इकडे आणा.” मग नियमच झाला. दुसरीचं पाकीट आपण उघडायचं. पाठीला पाठ लावून वाचायचं, म्हणजे चेहरा दिसत नाही. एक, दोन, तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम एकच शब्द बोलायचा, पास किंवा नापास. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत पाकीट उघडणारीकडेच ठेवायचं, म्हणजे घरी जाऊन घोकत बसायला नको.

दोन वर्षांपूर्वी हेडबाईंचं पाकीट टेलरबाईच्या वाट्याला आलं होतं. “नापास,” ती म्हणाली होती, कारण नियम तसा होता. बाकी दोघींच्या ‘पास’मध्ये तो शब्द एकटाच उभा राहिला. हेडबाईंनी पर्समधून पेपरमिंट काढून तिच्या हातावर ठेवलं. “आवाज छान खणखणीत आहे तुझा,” एवढंच म्हणाल्या. चार महिन्यांनी खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीत कुणी दुसरीच बाई बसली होती. आपल्या एका शब्दानं काही घडलं नाही, हे टेलरबाईला कळत होतं. कळत होतं तरी त्यानंतर कितीतरी दिवस गिऱ्हाइकाशी बोलताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा.

तिनं नेहमीसारखा शेवटचा परिच्छेद शोधला. बाकीचं नाही कळलं तरी चालतं, हेडबाईंनी शिकवलं होतं, निकाल खाली असतो. लिव्हर हा शब्द तिला येत होता. न्यू हाही येत होता. तीन हा आकडा होता आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या गाठीचं माप, एक पूर्णांक आठ सेंटिमीटर.

मागच्या वर्षीच्या कागदावर माप नव्हतं.

तिनं परिच्छेद पुन्हा वाचला. वाक्यात कुठे एखादा ‘नाही’ सुटलाय का, बोट ठेवून पाहिलं. डॉक्टरांच्या भाषेत चांगलं वाईटासारखं दिसतं आणि वाईट चांगल्यासारखं, असंही असतं. पण माप ते माप. सेंटिमीटरची भाषा तिच्याइतकी कुणाला कळणार? पाठीमागून कागद वाजल्याचा आवाज आला.

“टेलर, झालं ना? एक.”

“अगं, थांब...”

“दोन.”

पोस्टबाईची पाठ गरम होती, तापलेल्या इस्त्रीजवळच्या कापडासारखी.

“तीन.”

“पास,” दोघी एकदम म्हणाल्या.

इतक्या एकदम, की कुणाचा आवाज कुठला हेही कळलं नाही. पोस्टबाई वळली आणि तिनं टेलरबाईला खांद्याशी धरून गदागदा हलवलं.

“बघ! म्हटलं नव्हतं? चल, मला अर्ध्या दिवसाचीच रजा आहे. बावीस वर्षांत माझं काउंटर एक मिनिट उशिरा उघडलं नाही की एक मिनिट लवकर बंद झालं नाही. लोक घड्याळं लावतात माझ्यावर.”

लिफ्टमध्ये आरसा होता. टेलरबाईनं आरशात न बघता लाल आकड्यांकडे बघितलं. पोस्टबाई मात्र आरशात बघून डावा खांदा खाली ओढत होती. त्या बाजूला ब्लाउजच्या आत घालायची उशी टेलरबाईनंच शिवलेली, मऊ कापसाची, आत पडद्याच्या काठात घालतात ती वजनाची साखळी. वजन नसलं की खांदा वर चढतो. अशा उश्या तिनं तिघींना शिवून दिल्या होत्या, मापाची पट्टी न लावता, नुसत्या नजरेनं.

घरी लेक दारातच उभी होती, कडेवर पोर.

“काय म्हणाला रिपोर्ट?”

“पास.”

“तू वाचलास?”

“पोस्टनं वाचला.”

“आणि आहे कुठे?”

“तिच्याकडे.”

“आई, काय हा पोरखेळ! मला निदान फोटो काढून पाठवायला सांग. मी नीट वाचते. शब्द न् शब्द वाचते.”

“उद्या डॉक्टर वाचतीलच की.”

लेकीनं पोरीला खाली ठेवलं आणि लगेच तिच्या मागोमाग मशीनखाली वाकली. टाचण्या, चिंध्या, सुया, सगळ्यावर तिची नजर फिरत राहिली. या घरात पोर एक पाऊल टाकायची आणि तिची आई दोन.

टेलरबाई मशीनवर बसली. शाळेचे सहा गणवेश व्हायचे होते. तिनं कॉलर उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली.

आपण आनंदात असायला हवं, असं ती मनाशी म्हणाली. पास झालोय. मग तिला वाटलं, मी खोटं बोलले आणि माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. तिचाही नाही हलला. मला जमलं, तर तिला का नाही जमणार? ती तर दिवसभर काचेमागे बसून लोकांना सांगते, येईल हो, उद्या नक्की येईल तुमचं पत्र. पण मग तिचं ते हलवणं, ते हसणं? मीही हसलेच की. दोन्ही पास खोटे असतील, की एकच? आणि माझा खरा असेल तर? तर मी तिला उद्या डॉक्टरांच्या दारापर्यंत हसत घेऊन जायचं आणि दार उघडून द्यायचं? तिनं पाय थांबवला. सुई कापडात तशीच अडकून राहिली.

“उघड मूठ! आई, हिच्या हातात काहीतरी आहे!”

लेकीनं पोरीची मूठ उकलली. आत कोटाचं बटण होतं. टेलरबाईनं ते घेतलं आणि काही न सुचून त्यावर टेप लावली. एक पूर्णांक आठ. तिनं ते डब्यात टाकलं, झाकण घट्ट लावलं, डबा वरच्या फळीवर ठेवला.

मग पर्समधून पोस्टबाईचं पाकीट काढलं. कागद पुन्हा वाचायचा होता. पण मशीनच्या दिव्याखाली तिची नजर कागदाऐवजी झाकणावर गेली. तिनं झाकण उघडलंच नव्हतं, ते तसंच चिकटलेलं होतं. कडेशी कागदाचे तंतू निघाले होते आणि त्यावरून डिंकाची दुसरी, बारीक, सरळ रेघ ओढली होती. कुणीतरी बोटाच्या टोकानं, काठाबाहेर थेंबही न जाऊ देता. उसवून पुन्हा शिवलेलं कापड तिच्या नजरेतून कधी सुटलं नव्हतं. आणि असा डिंक लावणारी एकच बाई तिच्या ओळखीची होती. पोरीचं फाटलेलं चित्रांचं पुस्तक तिनंच असं जोडून दिलं होतं. फाटकी टपालं जोडणं हेही आमच्या कामातच येतं, म्हणाली होती.

दोघींचे रिपोर्ट पोस्टबाईनंच मंगळवारी येता येता घेतले होते. आज गुरुवार.

टेलरबाईनं मशीनचा दिवा मालवला.

“आता कुठे निघालीस?” लेकीनं विचारलं.

“पोस्टात.”

दुपारच्या पोस्टात पंखे फिरत होते आणि रांगेत सात-आठ माणसं होती. टेलरबाई शेवटी उभी राहिली. काचेमागे पोस्टबाई शिक्के मारत होती. पॅडवर एक, पाकिटावर एक, पॅडवर एक, पाकिटावर एक. तिनं टेलरबाईला पाहिलं. ताल चुकला नाही.

नंबर आला तेव्हा टेलरबाईनं पाकीट काचेखालच्या फटीतून आत सरकवलं, झाकणाची बाजू वर करून.

पोस्टबाईनं त्यावर अंगठा फिरवला.

“डिंक जरा जास्त झाला,” ती म्हणाली.

“मंगळवारीच उघडलंस?”

“मंगळवारी. घरी पोचायच्या आधी.”

“मग मला कशाला दिलंस?”

पोस्टबाईनं शिक्का उचलला, नुसताच हातात धरला. “तू हेडबाईंना सांगितलंस ना, तसं खणखणीत सांगशील असं वाटलं. म्हटलं, तुझ्या तोंडून ऐकलं की खरं वाटेल. आणि तू म्हणालीस, पास.” ती किंचित हसली. “बरं वाटलं गं. पहिल्या मजल्यापर्यंत बरं वाटलं.”

“मला नाही सांगता आलं.”

“कळलं ते.”

मागून कुणीतरी घसा खाकरला. “बाई, जरा लवकर.”

“दोन मिनिटं हो, रजिस्टर टपाल आहे,” पोस्टबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली.

टेलरबाईनं काचेला हात टेकला. “आणि माझा? माझा खरा पास, की मला बरं वाटावं म्हणून?”

पोस्टबाईनं खालचा खण ओढला, दुसरं पाकीट काढलं आणि काचेच्या आतल्या बाजूला उभं धरलं. झाकण हॉस्पिटलनं चिकटवलं होतं तसंच होतं, वाकडं, डिंकाचे ओघळ सुकलेले. कुठे तंतू निघालेला नाही, कुठे दुसरी रेघ नाही.

“उघडलंच नाहीस?”

“माझा वाचल्यावर हातच पुढे होईना.”

“पण कागद वाजला की! मी ऐकला.”

“विजेचं बिल होतं पर्समध्ये. ते वाचत बसले होते.”

टेलरबाईच्या घशातून काहीतरी बाहेर आलं. हसणं असावं. मागच्या माणसानं डोकं पुढे काढून पाहिलं. तिला पोस्टबाईचा राग यायला हवा होता, म्हणून ती राग येण्याची वाट बघत उभी राहिली. तो येईना. दुसरं काय यायला हवं होतं, तेही आठवेना. सकाळपासून ती ज्या शब्दाला उलटसुलट करून बघत होती, तो शब्द कुणी वाचलेलाच नव्हता.

“घेऊन जा,” पोस्टबाई म्हणाली. पाकिटाचं टोक फटीतून बाहेर आलं. “लेक शिकलेली आहे. ती वाचेल.”

टेलरबाईनं ते टोक बोटानं परत आत ढकललं.

“नियम आहे,” ती म्हणाली.

“टेलर...”

“तुझा डावा खांदा सकाळपासून वर चढलाय. आतली साखळी सरकली असणार. सुईदोरा आणलाय मी.”

“आत्ता कसं? पाचपर्यंत हलता येत नाही मला.”

“मग पाचला.”

ती रांगेतून बाजूला झाली. भिंतीशी एक लांब बाक होता, फॉर्म भरणाऱ्यांसाठी, त्यालाही पाठ नव्हती. ती मधोमध बसली. मग थोडी सरकून मागची बाजू मोकळी केली. समोर काच होती. काचेमागे, पॅडच्या शेजारी, पोस्टबाईनं दोन्ही पाकिटं एकावर एक ठेवली होती आणि वर वजन. शिक्क्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. पॅडवर एक, पाकिटावर एक. मध्येच पॅडवर दोनदा.

पाचला वीस मिनिटं कमी होती. रांगेत तीन माणसं उभी होती, तिघांच्या हातात टपाल. पोस्टबाई उठली, आणि तिनं ‘काउंटर बंद आहे’ ही पाटी काचेला लावली.