काळी डबी

नाथाजीचा बाप गुंडा ज्योतिबा एक्याण्णव साली वारला आणि चौऱ्याण्णव साली त्यानं मत दिलं. गावच्या पाणीपुरवठा सोसायटीच्या निवडणुकीत, लालासाहेब चेअरमनच्या पॅनेलला, रजिस्टरात अंगठा उठवून. नदीकाठी जाळलेल्या माणसाचा अंगठा. नाथाजी तेव्हा फौजेत होता, सिग्नलच्या तुकडीत. रजेवर आल्यावर त्यानं तो निळा ठसा बघितला. वारस लावायचा अर्ज दिला. तीन वर्षांत तीन अर्ज दिले. दर वेळी लालासाहेब गोड हसून सांगायचे, मीटिंगला ठेवतो. मीटिंगला अर्ज जायचा नाही, चहा मात्र जायचा.

नव्याण्णव साली नाथाजी हवालदार म्हणून पेन्शनीवर आला आणि उंब्रजच्या स्टँडसमोर त्यानं कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. त्याच साली साताऱ्याहून हुकूम आला, की निवडणुकीआधी प्रत्येक सभासदाला फोटोचं ओळखपत्र द्या. नाथाजी भर सभेत उठला आणि म्हणाला, मी करून देतो, फुकट. चारचौघांत नाही म्हणायची लालासाहेबांना सोय राहिली नाही. मग त्यांनी अट घातली. काम देवळाच्या मंडपात, सगळ्यांसमोर, एका दिवसात. एकशे सदतीस सभासद, दिवस मावळायच्या आत.

"आन् मशीन अडाकलं तर ह्या बारीला जुनंच रजिस्टर चालंल," लालासाहेब म्हणाले. "कबूल?"

नाथाजी कबूल म्हणाला. घरी आल्यावर त्याच्या आईनं, अंबूबाईनं, एवढंच विचारलं, की मशीन अडकतं का. नाथाजी पुन्हा मशीनपुढं जाऊन बसला, कारण मशीन अडकत होतं.

कॉम्प्युटरला यूएसबीचं भोक एकच आणि जोडायच्या वस्तू तीन. फोटोला कॅमेरा, अंगठ्याचा कागद उचलायला स्कॅनर, कार्ड छापायला प्रिंटर. त्यानं आधीच एक हब आणला होता. हब म्हणजे बोटभर पट्टी, एका भोकाची चार भोकं करणारी. कॅमेरा लावला, चालला. प्रिंटर चालला. पण स्कॅनरचा दिवा पेटला की कॅमेरा काळा ठिक्कर. आठवडाभर त्यानं डोकं आपटलं. शेवटी मळ्यात उभा असताना त्याला कळलं. वरच्या रानाचा व्हॉल्व्ह सोडला की पाइपलाइनच्या शेवटच्या रानात नुसती हवा यायची. मोटर एकच, तोंडं चार. पाणी पुरणार कुठून? तोंडं वाढवून भागत नव्हतं, मोटरही वाढवायला हवी होती. प्रिंटरची वीज त्याची स्वतःची, म्हणून तो चालायचा. कॅमेरा आणि स्कॅनर बिचारे हबवरच जगत होते.

तो सकाळच्या एसटीनं सांगलीला गेला. दुकानदार अवधूत, सांगलीचाच, वीजवाला हब म्हटल्यावर त्याच्याकडे बघतच राहिला. एकच होता, वर्षभर पडून. चार भोकांची पट्टी आणि भिंतीत लावायची एक काळी डबी, अडॅप्टर. "हवालदार, ही डबी नाही लावली तरी हब चालतो हो," अवधूत म्हणाला. "चालतो न्हवं, रांगतो," नाथाजी म्हणाला आणि दोन्ही घेऊन आला.

ठरल्या दिवशी सकाळी आठला मंडप भरला. यूपीएसला जागा दोनच होत्या, त्यात कॉम्प्युटर आणि प्रिंटर बसले. काळी डबी देवळाच्या बोर्डात लावली. सोसायटीचा क्लार्क रजिस्टरातून नाव पुकारायचा, माणूस खुर्चीत बसायचा, फोटो, अंगठा, कार्ड. बाया डोक्यावरचा पदर सारखा करून बसत होत्या. एक म्हातारा फोटोला हसला आणि मग कार्डावर दात दिसतात म्हणून रागावला. साठ कार्डं निघाली.

एकसष्टाव्याला स्कॅनरचा दिवा पेटला आणि कॅमेरा काळा झाला. पुन्हा लावला, पुन्हा काळा.

लालासाहेब खुर्चीत मागं रेलले. अडकलं का, म्हणून त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता क्लार्कला सांगितलं, सभा संपली असं लिही, जुनं रजिस्टर चालेल.

नाथाजीनं हात वर केला, फौजेत थांबा म्हणायला करतात तसा. त्याचं डोकं जागेवर होतं. ही खोड त्याच्या ओळखीची होती. दिवा पेटला की कॅमेरा मेला, म्हणजे शेवटच्या रानाला पाणी नाही. मोटर बंद झाली होती. तो वायर धरून चालत बोर्डापाशी गेला.

डबी फरशीवर पडली होती. तिच्या जागी उभ्या पंख्याची पिन होती आणि पंखा लालासाहेबांवर फिरत होता. डिसेंबरची थंडी. माणसं मफलर गुंडाळून बसलेली. पण चेअरमन सभेत आले की पंखा लावायचा, ही पंधरा वर्षांची रीत. थंडी असो, वारा असो, साहेबांवर पंखा पाहिजेच. क्लार्कनं बोर्डात सगळ्यात लहान दिसलं ते काढून पंखा लावला होता.

"आवं, साहेबांचा पंखा ऱ्हायला हुता," क्लार्क म्हणाला. "एवडीशी डबी ती. तिच्यानं काय हुतंय?"

त्याच्या मनात कपट नव्हतं. कपट असतं तर बरं झालं असतं. सवयीच्या माणसाला काय करणार? नाथाजीनं पंख्याची पिन ओढून काढली.

"साहेबास्नी थंडी वाजंल," तो म्हणाला.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग मंडपच हसला. पंखा गरगरत थांबला. डबी बोर्डात बसली, दिवा पेटला, कॅमेरा बघू लागला. लालासाहेबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मशीन चालू होतं आणि अट त्यांचीच होती.

ऐंशी झाली. नव्वद झाली. मग क्लार्कनं सवयीनं पुकारलं, "गुंडा ज्योतिबा."

आणि लालासाहेबांचा चुलतभाऊ आप्पासो उठला. त्यांच्यात मेलेले वाटून दिलेले होते, कुणाकडं दोन, कुणाकडं तीन. गुंडा आप्पासोच्या वाटचा. नाव ऐकलं की पाय आपोआप उठायचे. खुर्चीपर्यंत आल्यावर समोरचा कॅमेरा दिसला आणि तो थबकला.

नाथाजीनं आवाज चढवला नाही. "बस आप्पासो. सकाळी नऊ नंबरला तुजा फोटो निघालाय. आता त्याच तोंडाचं दुसरं कार्ड काडतो. खाली माज्या बापाचं नाव घालतो. बस."

आप्पासो लालासाहेबांकडं बघू लागला. लालासाहेब वर बघत होते.

तेवढ्यात बायांच्या रांगेतून अंबूबाई उठली. पदर खोचून पुढं आली.

"बसा की वं आप्पासो," ती म्हणाली. "आट वरसं झाली, मालकांचं त्वांड बघितलं न्हाई. बघू तरी कसं दिसत्यात."

कुणी हसलं नाही. आप्पासो मागं सरला, चप्पल न घालताच मंडपाबाहेर गेला. खुर्ची रिकामी राहिली. कॅमेऱ्यात मागची भिंत दिसत होती.

"लिव्हा," नाथाजी क्लार्कला म्हणाला. "मयत."

क्लार्कनं लालासाहेबांकडं बघितलं. लालासाहेबांनी बंद पंख्याकडं बघितलं. क्लार्कनं पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं.

नाथाजीनं ते अक्षर नीट वाचून घेतलं. मग खुर्ची सरळ केली.

"फुडचं नाव," तो म्हणाला.