उपाशी ओळी

जळगावच्या एका तेल मिलमधल्या पितांबरने तीन वर्षं खपून केळीसाठी खत तयार केलं होतं. सरकीची पेंड, हाडांचा चुरा आणि राख. प्रमाण त्याचं स्वतःचं. खताचा गुण येतो याची त्याला खात्री होती, पण मिलचे मालक तोतारामशेठ म्हणाले, "तुला वाटून काय उपयोग? पुण्याच्या विद्यापीठातल्या माणसानं सांगितलं पाहिजे."

म्हणून मिलचा आणि विद्यापीठाचा करार झाला. माल मिलचा, मोजमाप प्राध्यापक नामजोशींचं, मुदत एका पिकाची. गुण दिसला तर खताचा कारखाना. नाही दिसला तर पितांबरने खताचं नाव सोडायचं आणि पुन्हा तेलाचे नमुने तपासत बसायचं.

शेत मिळालं रावेरजवळ, जीवरामभाऊंचं. १९५४ च्या मृगात चोवीस ओळी लावल्या. एका ओळीला खत, शेजारच्या ओळीला नाही, असं शेवटपर्यंत आलटूनपालटून. पाणी सगळ्यांना सारखं. खताच्या ओळींच्या खुंट्यांना चुना लावला होता. खत भिजून वाया गेलं तर असू द्यावं, म्हणून पितांबरने काही जास्तीची पोती शेतातल्या झोपडीत ठेवली होती. त्यांचा हिशोब पुढे कोणी विचारला नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर घड उतरले. नामजोशींनी दोन दिवस काट्याजवळ बसून एकेक घड तोलला, बेरजा केल्या आणि चष्मा काढला.

"फरक नावापुरता आहे," ते म्हणाले. "एवढ्यावर खताचा गुण आहे असं मला लिहिता येणार नाही."

"चला, झालं," तोतारामशेठ म्हणाले. "पितांबर, सोमवारपासून तेलाकडे बघा."

जीवरामभाऊंच्या घरच्या, धुरपदाबाई, चहा घेऊन आल्या होत्या. पितांबरने कप घेतला नाही.

"काय झालं दादा? कोनी वारलं का?"

"माझं खत वारलं, अक्का. खताच्या केळी आणि बिनखताच्या केळी, दोन्ही सारख्याच निघाल्या."

धुरपदाबाईंनी ताट खाली ठेवलं. पदर सावरला.

"सारख्याच निघतीन ना. मीनं दोघीहिले वाढलं."

"काय वाढलं?" नामजोशींनी विचारलं.

"खत. मांगच्या वर्साच्या श्रावनात देवळात कीर्तन व्हतं. बुवांनी पंगतीचं आख्यान लावलं. यजमानानं आपल्या मानसाहिले तूप वाढलं अन् शेवटच्या पानाले कोरडा भात. त्या पानावर देव बसला व्हता, सायेब! बुवांचा आवाज असा भरून आला, सगळं देऊळ रडलं. सकाळी शेतात आली त काय, माह्याच शेतात पंक्तिभेद! एक ओय जेवते अन् शेजारची टकमक पाहते. मले राहवलं नाही."

"अगं, मले त सांगायचं!" जीवरामभाऊ ओरडले.

"तुमी व्हते का कीर्तनाले? मंडपामांगं घोरत व्हते."

शेठ हसले. नामजोशी हसले नाहीत. "किती टाकलंत?"

"बुंध्याले दोन करवंट्या. दादा टाके तितकंच. कमी टाकलं असतं त पुन्हा भेदच झाला."

"सगळ्या ओळींना?"

"नाही ना. नऊ ओयी झाल्या अन् झोपडीतली पोती सरली. बांधाकडच्या तीन तशाच राह्यल्या. अजून जीव चुटपुटते."

नामजोशींनी वही उघडली. त्या तीन ओळींचे घड हलके भरले होते. समोर त्यांच्याच अक्षरात शेरा होता: बाभळींची सावली.

"सावली तर या तीन ओळींच्या मधल्या खताच्या ओळींवरही होती," ते हळूच म्हणाले. "आणि त्यांचे घड जड आहेत. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

पितांबर उठून उभा राहिला.

"म्हणजे खत चांगलं?" शेठनी विचारलं.

"तीन ओळींवर मी हो म्हणणार नाही. पण आता गुण नाही असं तर मुळीच म्हणणार नाही. आणखी एक पीक द्या."

"देईन. पण या बाई पुन्हा वाढायला लागल्या तर?"

"वाढीनच," धुरपदाबाई म्हणाल्या. "खोटं कशाले बोलू? उपाशी पाहवत नाही मले."

शेठनी टोपी उचलली. पितांबर घाईने म्हणाला, "अक्का, पंगतीत कोणी एकादशी धरलेली असली, तर त्याच्या पानात भात वाढता का?"

"आँ? त्याचा उपास मोडीन मी?"

"मग बिनखताच्या बारा ओळींची एकादशी समजा."

"दीड वर्साची एकादशी?" त्या हसल्या. मग त्यांनी केळींकडे पाहिलं. "अन् पारनं?"

"घड उतरले की त्यांच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलांना पहिलं खत," नामजोशी म्हणाले.

"माह्या हातानं."

"तुमच्याच हातानं. करारात लिहून घेतो."

त्यांनी खरंच लिहिलं, आणि शेठनी त्याखाली सही केली.

नव्या लावणीला पितांबर खत घेऊन आला. ओळींना पुरेल तेवढं उतरवून उरलेली पोती तो पुन्हा गाडीत चढवू लागला. बिनखताच्या ओळींच्या खुंट्यांना धुरपदाबाईंनी गोपीचंदन लावलं होतं. तो काय करतो आहे ते पाहून त्या जवळ आल्या.

"राहू दे रे दादा पोती झोपडीत. उपासाच्या घरी काय धान्य राहत नाही?"

पितांबरने त्यांच्याकडे पाहिलं आणि पोती खाली उतरवली.