मार्लीन मधे उभी राहायची

मी डावा बोलतोय. दुसरं नाव मला नाही. कारखान्यात पाठीवर ‘डावा’ अशी चिठ्ठी चिकटली, तीच माझी बारशाची पाटी. उंचीने मी माणसाच्या छातीला लागतो, अंगावर अक्रोडाचं लाकूड, पोटात दोन मोठे कागदी पडदे आणि गळ्याशी एक लहानसा. जन्मभर दुसऱ्यांचंच बोललो. गाणी म्हटली, बातम्या दिल्या, हॉकीच्या मॅचला बोंबललो, सिनेमात विमानं पाडली. स्वतःचं मात्र आज पहिल्यांदा बोलतोय, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

मला एक भाऊ आहे, उजवा. एकाच खोडाच्या, एकापाठोपाठ कापलेल्या फळ्यांनी आम्हा दोघांना मढवलं. त्याच्या अंगावरच्या रेघा माझ्या रेघांशी आरशातल्यासारख्या जुळतात. पण स्पीकर जवळजवळ ठेवले की आवाज एकमेकांत कालवतो, म्हणून आम्हाला कोणी कधी शेजारी उभं केलं नाही. खोक्यातून काढलं त्या दिवसापासून एकाच भिंतीला, मधे एक माणूस आडवा झोपेल एवढं अंतर राखून आम्ही उभे आहोत. सख्खा भाऊ रोज दिसतो, आणि त्याला हात लावायचा म्हटलं तर आम्हाला हात नाहीत.

या ताटातुटीचं एक फळ मात्र आहे. आम्ही दोघं तेच शब्द तेवढ्याच जोराने बोललो आणि ऐकणारा बरोबर मधोमध बसला, तर आवाज माझ्यातून येत नाही, उजव्यातूनही येत नाही. तो आमच्या मधल्या रिकाम्या जागेतून येतो. तिथे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. माझी सगळी कहाणी त्या जागेचीच आहे.

टोरोंटोच्या एका दुकानात वेंडल क्रोकर आणि त्याची बायको मार्लीन आम्हाला बघायला आले. वेंडल शहरात ट्राम चालवायचा. दिवसभर घंटा आणि चाकांचा खडखडाट ऐकून त्याचं पोट भरत नसावं, कारण त्याला घरात सिनेमाचा दणदणाट हवा होता. दुकानदाराने लगेच लढाई लावली. वेंडल खूश. मार्लीनने कानातली बोटं काढली, पर्समधून एक कॅसेट काढली आणि म्हणाली, “आता हे लावा.”

ती तिच्या चर्चमधल्या गायकवृंदाची कॅसेट होती. त्यात एक कडवं मार्लीन एकटी गाते, खालच्या पट्टीत, अगदी सावकाश. दुकानदाराने आधी लहान, देखण्या, स्वस्त जोडीवर ती वाजवली. मग आमच्यावर.

“अगबाई, मी एवढी जाडी ऐकू येते?” मार्लीन म्हणाली.

“जाडी नाही गं. त्या पहिल्यांमध्ये तू फोनवर बोलत होतीस. इथे तू समोर उभी आहेस, एवढंच,” वेंडल म्हणाला.

“म्हणजे घरी दोन-दोन मार्लीन. झेपेल का तुला?”

लढाई त्याला मिळाली, गाणं तिला मिळालं आणि आम्हाला घर मिळालं. त्यांच्या तळघरात आमचे फार सुखाचे दिवस गेले. शुक्रवारी सिनेमा, शनिवारी हॉकी. पाहुण्यांनी आमच्या डोक्यावर बियरचे ग्लास ठेवायचे आणि मार्लीनने ते उचलताना पाहुण्यांच्या सात पिढ्यांचा गोड शब्दांत उद्धार करायचा. ती कॅसेट मात्र वर्षानुवर्षं कोणी लावली नाही. घरात जिवंत बाई गात असताना कॅसेट कशाला कोण लावील?

मग ती आजारी पडली, आणि एका वसंतात गेली. दुसऱ्या दिवशी वेंडलने कॅसेट शोधून काढली.

ते मोठं घर त्याला खायला उठलं, म्हणून त्याने कॉन्डो, म्हणजे उंच इमारतीतला लहान फ्लॅट, घ्यायचं ठरवलं. चौदाव्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीपेक्षा जुन्या घरातलं न्हाणीघर बरं. त्याची मुलगी शॉना ती जागा बघायला बरोबर गेली आणि परत येऊन आमच्यासमोरच तणतणली. वेंडलने म्हणे त्या रिकाम्या फरशीवर रंगाऱ्याची कागदी पट्टी चिकटवून आखणी केली होती. आधी माझी जागा, मग उजव्याची, मग दोघांपासून सारख्या अंतरावर एका खुर्चीची. उरलेल्या जागेत सोफा बसेना.

“बाबा, नाकापेक्षा मोती जड झालाय. सोफा नाही तर माणसं बसणार कुठे?”

“कोण माणसं?”

पण शॉना आईची मुलगी, सहजी हटणारी नाही. तिने त्याला ओढून दुकानात नेलं. टीव्हीखाली ठेवायचा साउंडबार मिळतो, हातभर लांब पट्टी, ना जागा अडवत ना शेजाऱ्यांची झोप. वेंडल खिशात कॅसेट घेऊन गेला होता. परत आला तेव्हा हात रिकामे आणि चेहरा उतरलेला.

“चांगलं वाजतं की ते. सगळं ऐकू येत होतं,” शॉना म्हणाली.

“येत होतं. पण तुझी आई त्यात आडवी पडली होती.”

मग शॉनाने विषय काढला नाही. सोफा कोणालातरी देऊन टाकला, आणि आम्ही दोघं घोंगड्यांत गुंडाळून सामानाच्या लिफ्टने वर गेलो. वेंडलने आमच्या पायांखाली रबर घातलं, त्यावर बागेतल्या जाड फरश्या ठेवल्या, की खाली धक्का जाऊ नये. त्याला जे सुचलं ते सगळं त्याने केलं.

दुपारचं जेवण झालं की तो बाल्कनीचं दार उघडायचा, कॅसेट लावायचा आणि त्या एकुलत्या एका खुर्चीत बसायचा. मार्लीन आमच्या मधे उभी राहायची. तो तिच्याशी बोलायचा. आज सूप करपलं. शॉनाला बढती मिळाली. खाली तेस्फाय नावाचा नवा माणूस दारावर बसतो, एरिट्रियाचा आहे, फार आदबीने बोलतो. ते कडवं संपलं की तो कॅसेट मागे फिरवायचा. शॉना रविवारी यायची, स्वयंपाकाच्या ओट्याजवळच्या उंच स्टुलावर पाय लोंबकळत बसायची आणि लवकर निघायची. तिच्या जागी कोणीही तेच केलं असतं. त्या घरात माणसाला बसायला जागा नव्हती, आणि ती आम्ही खाल्ली होती.

शनिवारी संध्याकाळी मात्र त्याचा जुना सिनेमा. जुलैच्या सुरुवातीला असाच एक युद्धपट लागला होता, आणि आम्ही जीव तोडून विमानं पाडत होतो. भिंतीवरचा फोन वाजला. तेस्फाय होता.

“क्रोकरसाहेब, माफ करा हं. खालच्या मजल्यावरून निरोप आहे. जरा हळू कराल का?”

आता इथे दुसऱ्या कोणत्याही देशातला माणूस काय करील? खाली जाईल, भांडेल, निदान विचारील, काय झालं, कधी त्रास होतो, कशाचा होतो. वेंडल कॅनडाचा. त्याने नुसतं हळू केलं नाही, बंद केलं. सिनेमा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी गाणंही बंद केलं. मग बटर टार्टचा, म्हणजे इथल्या गोड खाऊचा, डबा आणला, त्यावर ‘सॉरी’ लिहिलं आणि खालच्या दाराशी ठेवून, बेल न वाजवता, चोरासारखा परत आला. आठवड्याने त्याच्या दाराच्या मुठीला एक पिशवी लटकलेली. आत गोडसर, मऊ पोर्तुगीज पाव आणि चिठ्ठी: ‘सॉरी’. वेंडलने पुन्हा टार्ट ठेवले. पुन्हा पाव आला. उन्हाळा सरला, पानं गळली, बर्फ पडलं, ही देवाणघेवाण चालूच. पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आणि वेंडलने आमचं बटण दाबलं नाही.

आमच्यावर चादरी पडल्या. दुपारी तो खुर्चीत बसायचा आणि मधल्या जागेकडे बघायचा, पण आता बोलायचा नाही. मुक्यासमोर मुका बसलेला. उजव्यालाही तेच वाटत असणार, पण विचारणार कसं? तारेतून काही वाहिलं तरच आम्हाला वाचा फुटते. मला तेव्हा फार एकटं वाटलं.

नाताळात शॉना साउंडबार घेऊन आली. यावेळी वेंडलने वाद घातला नाही.

“आणि हे?” शॉनाने आमच्याकडे बोट केलं.

“विकू,” तो म्हणाला. “मुक्यांना किती दिवस पोसायचं?”

जाहिरात दिली. थंडी सरता सरता एक गिऱ्हाईक तयार झालं, पण ऐकल्याशिवाय घेणार नाही म्हणालं. त्याचंही बरोबर होतं. वेंडल मात्र पेचात पडला. शेवटी त्याने तेस्फायला सांगितलं, “खाली कळव. उद्या दुपारी थोडा वेळ आवाज होईल. हा शेवटचाच. स्पीकर चाललेत.”

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या आधी दारावर टकटक झाली. काळ्या कपड्यांतली, बुटकी, वयस्कर बाई होती. पाव या खेपेला मुठीला नव्हता, तिच्या हातात होता.

“मी खालची. लूर्देस.”

“सॉरी,” वेंडल म्हणाला. ओळख ना पाळख, आधी सॉरी.

“सॉरी माझं. तुम्ही ते विकताय म्हणे?”

“हो. तुम्हाला इतका त्रास...”

“कसला त्रास? मी एकदाच सांगितलं. त्या शनिवारी नवऱ्याला हॉस्पिटलातून घरी आणलं होतं आणि वर तुमची विमानं कोसळत होती. म्हटलं, आजच्यापुरतं हळू करा. त्या बाईला गप्प करा असं कुठे म्हटलं होतं?”

“कोणत्या बाईला?”

“दुपारी गायची ती. बाल्कनीतून आवाज यायचा. हॉस्पिटलात जायच्या आधी आमचा अमादेऊ पडल्या पडल्या ऐकायचा. घरी परत आल्यावर रोज विचारायचा, वरची बाई आज का गात नाही? मी सांगायचे, गावाला गेली असेल, येईल. जायच्या आदल्या दिवशीही विचारलंन, आली का?”

वेंडल दाराला धरून उभा होता. “मग मला सांगायचं की हो.”

“कुठल्या तोंडाने? आपणच तक्रार करायची आणि आपणच म्हणायचं, गा आता?” ती पावाकडे बघत म्हणाली. “म्हणून हे आणत राहिले. वाटलं, एकदा तरी दार उघडाल.”

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही दोघांनी. आणि मधे एक माणूस वाट बघत बघत मेला. मला हुंदका देता येत असता तर त्या दिवशी माझे पडदे फाटले असते.

“तुमचं खरंय,” वेंडल हळूच म्हणाला. “ती गेलीच आहे. बायको माझी.”

लूर्देसने छातीवर क्रूसाची खूण केली. वेंडलने आमच्या चादरी ओढल्या. मग त्याने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्याने लूर्देसला त्या खुर्चीत बसवलं. मार्लीन जिथून दिसते ती एकच जागा, आणि त्या जागेवर आजवर तो सोडून कोणी बसलं नव्हतं. तो स्वतः माझ्याजवळ येऊन उभा राहिला, माझ्या डोक्यावर हात ठेवून. तिथून त्याला ती दिसणार नव्हती. नुसता माझा एकट्याचा आवाज ऐकू येणार होता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कॅसेट सुरू झाली. कडवं आलं. लूर्देस आमच्या मधल्या जागेकडे बघत राहिली आणि मग शेजारी कोणी बसलं असावं तशी बाजूला वळून म्हणाली, “अमादेऊ, आली बघ.”

भिंतीवरचा फोन वाजला. “क्रोकरसाहेब, गिऱ्हाईक आलंय, वर पाठवू?”

“त्याला सॉरी सांग. गेले स्पीकर.”

“कोणाला दिलेत?”

“खालच्या मजल्याला,” वेंडल म्हणाला.

ही झाली माझी कहाणी. आम्ही चौदाव्या मजल्यावरच राहिलो, आणि आता घरात दुसरी खुर्ची आली आहे. रविवारी लूर्देस येते. शॉनाही येते, स्टूल खुर्च्यांजवळ ओढून घेते आणि पाव खात आईच्या गोष्टी सांगते. हे चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही. पण दोन खुर्च्या आल्या की मधोमध कोणीच बसत नाही. जो ज्याच्या जवळ, त्याला त्याचाच आवाज आधी येतो. लूर्देसला मार्लीन उजव्यातून ऐकू येते. वेंडल माझ्याकडच्या खुर्चीत बसतो, त्याला ती माझ्यातून. इतर दिवशी तो एकटा असतो, खुर्ची सरकवून मधे बसू शकतो. पण तो सरकत नाही.

मधे आता कोणी उभं राहत नाही. जन्मभर भावापासून लांब उभा राहिलो तो त्या जागेसाठी, आणि आता त्या जागेचंही कोणाला काम उरलेलं नाही. वेंडल बरा आहे. एकटे पडलोय ते आम्ही दोघं.

तरी तुम्हाला एक सांगतो, ऐका. लहान घरात आमच्यासारखे मोठे स्पीकर आणायचे असतील तर खुशाल आणा, फरशीवर पट्ट्या चिकटवून मापं घ्या. पण माझी जागा आखण्याआधी दुसऱ्या खुर्चीची आखा.