मागचा आवाज

त्याने तिसऱ्यांदा आवंढा गिळला आणि मान न हलवता बायकोला विचारलं, "हा कसा होता?"

"दुसरा बरा होता," ती दिव्यामागून म्हणाली. "यात पाणी प्यायल्यासारखा वाटतोस."

"दुःख दिसतंय ना?"

"दिसतंय. पण मनाचं की घशाचं, ते कळत नाही."

त्याने कॉलर सारखी केली आणि चौथ्या आवंढ्याची तयारी केली.

तो निवाडे देत असे. नेटवर कोणी कोणाची कल्पना ढापली, कोण कोणाच्या नावाने बोटं मोडतंय, कोणाची माफी मनापासूनची आणि कोणाची कांदा चिरून आणलेली, याचा निकाल तो दर आठवड्याला लावी. चॅनेलचं नाव 'दोन्ही बाजू'. प्रेक्षक त्याला पंच म्हणत. टेबलावर दोन कप असत, एक पांढरा, एक लाल. दोन्ही बाजू मांडून झाल्या की पंच एका कपातून घोट घेई. पांढरा उचलला तर माणूस सुटला. लाल उचलला तर त्या माणसाने काही दिवस फोन बंद ठेवलेला बरा. चहा दोन्ही कपांत एकाच पातेल्यातला असे.

आज आरोपी घरचाच होता. सख्खा मावसभाऊ. घरात त्याला धाकटा म्हणत आणि नेटवर रंधाभाऊ. मोडक्या खुर्च्या, डगमगती टेबलं तो पुन्हा उभी करी आणि लोक ते तोंडाचा आ वासून बघत. नेटवरच्याच एका फर्निचर-पॉलिशवालीने त्याच्यावर आरोप केला होता की कष्ट दुसरेच करतात, हा नुसता घाम दाखवायला उभा राहतो. दोघांचे पाठीराखे एकमेकांवर तुटून पडले. आणि मग कोणीतरी लिहिलं, 'आता बघूया, पंच भावाला कसे वाचवतात.'

ते वाचून पंच बराच वेळ गंभीर चेहऱ्याने बसला होता. आतून त्याला जे वाटत होतं त्याला गंभीर म्हणता आलं नसतं.

कारण रंधाभाऊचं चॅनेल मुळात दोघांचं होतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये धाकटा रंधा मारी आणि हा कॅमेरा धरून मागून बोले. बघणारे आपल्या बोलण्यासाठी येतात अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. हळूहळू खाली प्रतिक्रिया येऊ लागल्या, 'काम सुंदर. मागच्या माणसाला गप्प बसवता येईल का?' मग विचार जुळेनासे झाले. निदान वेगळं होण्याचं कारण विचारणाऱ्यांना त्याने तसं सांगितलं.

"एक विचारू?" बायको म्हणाली. संपादन तीच करी. "ती केकवाली आठवते? बेकरीतून तयार केक आणायची आणि वर फुलं काढून घरचा म्हणायची. तिला तू पांढरा कप दिलास."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं?"

"सजावट हीसुद्धा कला आहे, असं मी तेव्हा सविस्तर बोललोय."

"म्हणजे तिने लावलं ते फूल आणि भाऊजींनी लावला तो घाम?"

"तू दिवा जरा डावीकडे घे," पंच म्हणाला.

त्याच्याकडे पुरावा होता. जुनी डिस्क धुंडाळून त्याने शेडमधलं एक न कापलेलं चित्रण काढलं होतं. धाकटा रंधा खाली ठेवतो, बाजूच्या बादलीत हात बुडवतो, कपाळावर पाणी शिंपडतो आणि दमल्यासारखा खुर्चीला टेकतो. स्वच्छ उजेडात, समोरून. बायकोने ते लावलं तेव्हा पाण्याच्या आधी कॅमेऱ्यामागून एक आवाज आला, "थांब, थांब. असा ताजातवाना नको दिसूस. पाणी मार कपाळावर. दमलेला दिस जरा."

पंचाने पटकन बटण दाबून ते तिथेच थांबवलं.

"हा आवाज..." बायको म्हणाली.

"आवाज काढून टाक."

"काढते. पण कोणाचा आहे म्हणायचा?"

"चित्रात तोंड कोणाचं दिसतंय? त्याचं. आपण दिसतं त्यावर बोलतो."

"आणि मूळ चित्रण त्यांच्याकडेही असलं तर?"

"तो? त्याला स्वतःची चप्पल सापडत नाही."

तिने आवाज काढला. पंचाने चौथा आवंढा गिळला, तो झकास जमला. आपलं माणूस असलं तरी सत्याला नातं नसतं, असं म्हणून त्याने लाल कप उचलला.

व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. पाणी शिंपडणारा तो हात लोकांनी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. कोणी त्यावर गाणं चढवलं. पंचाच्या निःपक्षपातीपणाला लोकांनी हात जोडले. 'भावाचीही गय केली नाही!' एका माणसाने तर त्याला देशाच्या न्यायालयात बसवायची मागणी केली. पंच सकाळ-संध्याकाळ प्रतिक्रिया वाची आणि मधून मधून, सहज म्हणून, धाकट्याचे प्रेक्षक किती कमी झाले ते बघे. कमी होत होते. त्याची भूक सुधारली.

मग एका दुपारी बाहेरच्या खोलीतून धाकट्याचा आवाज आला. आई मोबाइलचा आवाज नेहमी पूर्ण वाढवून ठेवी. धाकट्याचे व्हिडिओ ती न चुकता बघे. रंध्याच्या आवाजाने डोळा छान लागतो, असं तिचं म्हणणं होतं. मुलाच्या व्हिडिओंबद्दल तिचं मत होतं की त्यात भांडणं फार.

पंच दारात जाऊन उभा राहिला.

पडद्यावर धाकटा शेडमध्ये उभा होता. मागे दिवा नाही, काही नाही. अंगात भुशाने माखलेला शर्ट. "ते चित्रण माझंच आहे," तो सांगत होता. "पाणी मीच मारलं. चुकलं. पॉलिशवाल्या ताईंनी शेडवर यावं, काम बघावं, हवं तर रंधा धरून बघावा." मग तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आणि पाणी मार असं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं." एवढं बोलून त्याने रंधा उचलला.

"कुणी सांगितलं नव्हतं, हे त्याला कुणी विचारलं होतं?" आई म्हणाली. "साधं पोर ते. तू उगाच हात धुऊन मागे लागलास."

ते एक वाक्य जगात एकाच माणसासाठी होतं आणि तो माणूस दारात उभा होता.

संध्याकाळपर्यंत वारं फिरलं. 'माफी असावी तर अशी.' 'एकदाही अडखळला नाही.' धाकट्याचा आकडा दूध उतू जावं तसा वर आला. पंचाचाही वाढला होता, पण दुसऱ्याचं दूध उतू जात असताना स्वतःच्या पातेल्यात कोण बघतं? दुसऱ्या दिवशी जेवण होताच त्याने टेबल लावलं आणि दोन्ही कप पुसून ठेवले.

"माफी खोटी आहे," तो म्हणाला. "यावर करू."

बायकोने दिवा लावला. "कशावरून खोटी?"

"अगं, मला माहीत आहे ना. त्याला सांगितलं होतं."

"कोणी?"

पंचाने लाल कपाचा कान थोडा उजवीकडे फिरवला.

"नाही, पुरावा आहे की आपल्याकडे," ती म्हणाली. "आवाजासकट लावू. माणूस धडधडीत खोटं बोललाय. एका घोटात निकाल."

तिला वाटलं होतं तो चिडेल. पण तो विचारात पडला. खरोखरच पडला. धाकटा खोटा ठरतो आणि सगळ्या जगासमोर ठरतो, या कल्पनेची गोडी एवढी होती की तिची किंमत तो मनातल्या मनात घासाघीस करून पाहत होता.

"आवाज ओळखू येतो का पण? बघू दे," तो म्हणाला.

तिने लावलं. "थांब, थांब. असा ताजातवाना नको दिसूस. पाणी मार कपाळावर. दमलेला दिस जरा." ओळखू येत होता. शेजारच्यालाही आला असता. पंचाचा हात बटणाकडे गेला, पण या वेळी बायकोने संगणक आधीच आपल्याकडे ओढून घेतला होता. चित्रण पुढे सरकलं.

धापा ऐकू आल्या. मग धाकट्याचं हसू, आणि हसता हसताच, "दादा, सकाळपासून रंधा मारतोय. आणखी कसा दमू?"

त्यानंतर बादलीत हात बुडल्याचा आवाज.

पंच कपाकडे बघत राहिला. "हे तू ऐकलं होतंस?"

"संपादन कोण करतं?"

"बोलली नाहीस."

"तू म्हणालास, आवाज काढ."

त्याने तेवढाच तुकडा परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा. बायको त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तरी काहीतरी उमटेल अशी आशा तिने सोडली नव्हती.

"बघ ना," तो अखेर म्हणाला. "तयारी नाही, काही नाही. 'आणखी कसा दमू?' इतकी वर्षं मी रोज बोलतोय, असं वाक्य मला एकदा सुचलं नाही."

"मग हे टाकायचं?" तिने हळू आवाजात विचारलं. "पूर्ण? त्यांच्यावरचा डाग तरी जाईल."

पंचाने बोट टेबलावर फिरवलं, जणू तिथे धूळ होती.

"टाकलं," तो म्हणाला, "तर त्याचे अजून किती वाढतील?"

बायको उठली आणि तिने दिवा बंद केला. खोलीत नुसतं दुपारचं ऊन राहिलं, आणि भिंतीपलीकडून आईच्या मोबाइलवरचा रंधा.