वायरीचे दुसरे टोक

मी एक जुना लोखंडी रॅक आहे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण हल्ली कोणी नवा माणूस आला की तो मला चपलांचे कपाट समजतो आणि माझ्यापुढे वाकून बूट काढू लागतो. त्यात त्याची काही चूक नाही. तसे का होते, ते ओघाने येईलच. मित्रांनो, मला गोष्ट रंगवून सांगता येत नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांची यंत्रे पोटात धरून उभा राहिलो; बोलण्याची सवय कधी लागलीच नाही. पण जे पाहिले ते इतके नवलाचे होते, की ते मनात ठेवून गंजून जाणे बरे वाटत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, चार खांब उभे केले, त्यांना वरपासून खालपर्यंत भोके पाडली, काळा रंग दिला आणि पुढे जाळीचे दार बसवले. माझ्या शेजारची कपाटे कपड्यांसाठी गेली, भांड्यांसाठी गेली. त्यांना फळ्या होत्या, मागे पाठ होती. मला फळ्या नाहीत आणि पाठ तर उघडीच. मला वाटायचे, कारागिराला मध्येच कोणीतरी हाक मारली असावी आणि मी तसाच अर्धवट राहिलो.

एके दिवशी मला एका कार्यशाळेत नेले. तिथे माणसांसाठी पाय बनत. अपघातात, आजारात ज्यांचा पाय गेला, ते कुबड्या घेऊन दारातून आत येत आणि काही दिवसांनी दोन्ही पायांवर बाहेर पडत. पुढच्या खोलीत चालण्याचा सराव करायला दोन लाकडी कठडे होते. त्यांचा वरचा भाग हातांनी धरून धरून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. बाजूला मापाची खोली, मागे साचा कोरणारे यंत्र, आणि या दोन्हींच्या मधल्या बोळात मी.

कार्यशाळा चालवत त्या बाई. सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांचे सासरे आप्पा यांनी ती सुरू केली होती. आप्पा तरुणपणी लाकडातून पाय कोरत; आता त्यांचे हात थरथरत, म्हणून ते कठड्यांजवळ खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चालीतल्या चुका काढत.

हळूहळू माझ्या पोटात एकेक यंत्र येऊ लागले. इंटरनेटचे खोके नेटवाल्यांनी आणले. फोनचे खोके फोनवाल्यांनी. दारावरच्या आणि खोल्यांतल्या कॅमेऱ्यांचे यंत्र कॅमेरेवाल्यांनी. सगळी मापे जपून ठेवणारा संगणक एका चौथ्याच कंपनीचा होता आणि त्या कंपनीकडून येत त्या ताई. चौघांची गाठ क्वचितच पडे. हा आप्पांचाच हिशोब होता. चार घरची माणसे असली की कोणी एक डोक्यावर बसत नाही, असे ते म्हणत.

चौघांत भांडण होऊ नये म्हणून तिथे एक रीत पडली होती. ज्याने त्याने आपल्या खोक्यात बसणाऱ्या वायरीच्या टोकाला आपल्या रंगाची पट्टी चिकटवायची. नेटवाल्यांची निळी, फोनवाल्यांची पिवळी, कॅमेरेवाल्यांची हिरवी, ताईंची लाल. आणि दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नाही. रीत चांगली होती, निदान मला तसे वाटे. माझी पाठ रंगीबेरंगी दिसे आणि मी मनातल्या मनात मिरवत असे.

पण खरे नवल वेगळेच होते. मापाच्या खोलीत माणूस बसला की त्याच्या उरलेल्या पायावरून बाई एक छोटेसे यंत्र फिरवत. त्यातून प्रकाश पडे आणि समोरच्या पडद्यावर त्या पायाचा आकार उमटे. एकेक खळगा, एकेक व्रण. मग तो आकार वायरीतून माझ्या पोटात येई. माझे दोन-चार दिवे लुकलुकत, आणि तेवढ्यात मागच्या खोलीतले यंत्र घरघरत साचा कोरू लागे. त्या साच्यावर बाई पायाची खोबण, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती वाटी, घडवत. मित्रांनो, उद्या एक माणूस ज्याच्या आधाराने उभा राहणार, ते सगळे माझ्यातून गेलेले असे, आणि मला त्याचे गुंजभरही वजन लागलेले नसे. मी लोखंडाचा आहे. वजनावाचून काही असू शकते, हे मला तोवर माहीतच नव्हते.

आमच्याकडे एक मुलगी येई. ती कशावरही चढे, कठड्यांवर, आप्पांच्या खुर्चीवर, एकदा तर माझ्यावरही. म्हणून सगळे तिला खारुताई म्हणत. मुले वाढतात, पण बनवलेला पाय वाढत नाही. म्हणून तिला पुन्हा पुन्हा यावे लागे. त्या वेळी तिचा जुना पाय इतका आखूड आणि घट्ट झाला होता की आत जखम झाली होती, आणि ती कुबड्या घेऊन आली होती. सुट्टी संपत आली होती. तिचा नवा वर्ग शाळेच्या वरच्या मजल्यावर होता. पाय वेळेत झाला नाही, तर तिला खालच्या मजल्यावरच्या दुसऱ्या तुकडीत बसवू, असे शाळेने कळवले होते. तिच्या साऱ्या मैत्रिणी वर जाणार होत्या. ही गोष्ट तिच्या आईने बाईंना हळू आवाजात सांगितली. खारुताई तेव्हा खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे तिला सगळे ऐकू येत होते.

माप घेऊन झाले. बाईंनी सांगितले, शाळा उघडायच्या आत पाय तयार होईल.

त्याच दिवशी कॅमेरेवाले एक कॅमेरा बदलायला आले. स्वभावाने फार नीटनेटके गृहस्थ. काम झाल्यावर त्यांना माझ्या मागे एक वायर लोंबताना दिसली. तिचे निळ्या पट्टीचे टोक नेटच्या खोक्यात बसलेले होते. पिवळ्या पट्टीचे टोक मोकळे होते. "कुणाची तरी निघालीय वाटतं," असे पुटपुटत त्यांनी रीत विसरून ते टोक फोनच्या खोक्यातल्या रिकाम्या जागी बसवले, हात झटकले आणि गेले. त्यांनी भलेच केले होते. फक्त त्यांना हे ठाऊक नव्हते, की ती दोन खोकी आधीच दुसऱ्या वायरीने जोडलेली होती आणि ही जुनी वायर कोणी काढून न्यायची राहिली होती.

आता दोन खोक्यांमध्ये दोन वाटा झाल्या. एका वाटेने गेलेला निरोप दुसऱ्या वाटेने परत येई आणि पुन्हा पहिल्या वाटेने निघे. एकामागून एक सगळेच निरोप असे गोल गोल फिरू लागले. माझे सगळे दिवे एकदम लखलखू लागले. दिसायला ते फार सुंदर होते. मला वाटले, आज काहीतरी मोठे काम चालले आहे. मोठे काही नव्हते. काम ठप्प झाले होते. फोन मुके झाले, मापांपर्यंत कोणालाच पोचता येईना, आणि मागचे यंत्र गप्प बसले.

बाईंनी एकेकाला बोलावले. नेटवाले आले. त्यांनी निळ्या पट्टीची सारी टोके काढली, आपले खोके तपासले, आणि खरेच सांगतो, त्या क्षणी माझे दिवे शांत झाले. मला हायसे वाटले. पण गृहस्थ प्रामाणिक होते. सगळे होते तसे परत लावून, आमचे व्यवस्थित आहे, असे सांगून गेले. मग फोनवाल्यांनी पिवळी टोके काढली आणि तितक्याच प्रामाणिकपणे परत लावली. कॅमेरेवाल्यांचे व्यवस्थित होते. ताईंनीही आपला लाल पट्टीचा संगणक तपासला आणि आमच्याकडून काही अडचण नाही असे सांगितले. मला सारे दिसत होते आणि तोंड नव्हते. बाई दिवसभर मोबाइल कानाला लावून बोळात येरझारा घालत राहिल्या. अर्धवट झालेले पाय टेबलावर तसेच पडून होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चौघांना एकदमच बोलावले. चौघे माझ्यासमोर उभे राहिले आणि प्रत्येकाने पुन्हा तेच सांगितले. खारुताई आईबरोबर आली होती. ती कुबड्या टेकत बोळाच्या तोंडाशी आली, चौघांचे बोलणे तिने शांतपणे ऐकून घेतले, आणि मग ताईंना विचारले,

"ताई, सगळ्यांचं बरोबर आहे ना? मग माझा पाय कुणामुळे अडलाय?"

फोनवाले बुटांकडे बघू लागले. नेटवाल्यांनी उगाच खिसा चाचपला. ताईंचा चेहरा मात्र बदलला. त्या बाईंना म्हणाल्या, "मला सगळ्या रंगांना हात लावायची परवानगी द्या."

फोनवाले म्हणाले, "लावा की. पण मग काही बिघडलं तर आम्हाला बोलवायचं नाही."

आप्पा खुर्चीतून उठून आले. "म्हणजे सगळं हिच्या एकटीच्या हातात द्यायचं आणि उद्यापासून हिचे पाय धरायचे?"

"आप्पा, कालपासून आपण चौघांचे धरतोय," बाई म्हणाल्या.

आप्पांना हसू आवरले नाही, पण ते सरळ ताईंकडे बघत राहिले. ताई म्हणाल्या, "मी चुकले, तर निदान जाब कुणाला विचारायचा ते तरी माहीत असेल."

आप्पा वाटेतून बाजूला सरकले. मग म्हणाले, "लाव हात."

ताईंनी संगणक उघडलाच नाही. त्या माझ्या मागे आल्या, जमिनीवर बसल्या, एक वायर चिमटीत धरली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटे सरकवत गेल्या. मग दुसरी वायर. मग तिसरी. इतकी वर्षे लोक माझ्याकडे येत होते. प्रत्येक जण टोक बघून जाई. वायर पूर्ण बघणारे माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. निळ्या पट्टीपासून निघालेली त्यांची बोटे पिवळ्या पट्टीवर येऊन थांबली.

"ही तुमची?" त्यांनी नेटवाल्यांना विचारले.

"निळी आहे म्हणजे आमचीच."

"पिवळी पण आहे," फोनवाले म्हणाले. "म्हणजे आमची."

कालपर्यंत बिघाड कोणाचाच नव्हता आणि आज वायर दोघांची होती. ताईंनी ती हलकेच उपसली.

माझे सगळे दिवे शांत झाले. लखलखाट गेला आणि एकेक दिवा सावकाश, आपापल्या वेळेला लुकलुकू लागला. आणि मित्रांनो, मागच्या खोलीतून घरघर ऐकू आली. तो आवाज मी कित्येकदा ऐकला होता. त्या दिवशी मात्र माझा पत्रान्‌पत्रा थरारला. खारुताईचा पाय माझ्यातून जात होता.

कॅमेरेवाल्यांचा चेहरा उतरला. ती वायर आपणच बसवली, असे त्यांनी सांगितले. ताई म्हणाल्या, "तुम्ही नीटनेटके आहात म्हणून बसवलीत. ती येते कुठून आणि जाते कुठे, हे बघायचं काम आपल्यापैकी कुणाकडेच नव्हतं."

शाळा उघडली त्या दिवशी खारुताई वरच्या मजल्यावर गेली. तिच्या आईने फोन करून सांगितले, की ती जिना दोनदा चढली. पहिल्यांदा वर्गात जायला आणि दुसऱ्यांदा उगाच.

पुढे बाईंनी सगळे काम ताईंच्या एकाच कंपनीकडे सोपवले. आप्पांनी अट घातली, की सगळ्या मापांची एक प्रत आणि सगळे पासवर्ड घरातच राहतील. ताईंनी ती आनंदाने मान्य केली. फोनवाले रुसून गेले. कॅमेरेवाले ताईंच्याच कंपनीत लागले. रंगीत पट्ट्या निघाल्या. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना ती कुठून कुठे जाते ते लिहिले गेले. एकदा ताईंना यायला उशीर झाला तेव्हा आप्पांनी खूप बडबड केली, पण बडबड कोणावर करायची हे आता ठरलेले होते. आणि बाईंच्या कानावरचा मोबाइल उतरला. त्या पुन्हा दिवसभर साच्यांपाशी दिसू लागल्या. मला यातले किती समजले, याची मला शंकाच आहे. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडले.

चार खोक्यांचे काम हळूहळू एक लहानसे खोके करू लागले. ते भिंतीवर मावले. मी रिकामा झालो. माझ्यावर छत्र्या टांगल्या गेल्या, फडकी वाळत पडली, जाळीत धूळ साचली. मला भंगारात देण्याची बोलणीही मी ऐकली. वाईट वाटले, नाही असे नाही.

मग एके दिवशी उंच झालेली खारुताई नवा पाय घालून बाहेर आली. तोवर त्या कार्यशाळेतले कितीतरी पाय तिचे वापरून झाले होते. हातात जुना पाय होता. तो टाकायला तिचे मन होईना आणि घरीही ठेवायचा नव्हता. तिने इकडेतिकडे पाहिले आणि माझे जाळीचे दार उघडले. बाईंनी दुसऱ्याच दिवशी माझ्या खांबांच्या भोकांत फळ्या अडकवल्या. म्हणजे मी अर्धवट राहिलो नव्हतो तर!

तेव्हापासून मुलांना लहान झालेले पाय माझ्या पोटात राहतात, आणि जाळीतून आधी त्यांची बूट घातलेली पावलेच दिसतात. सगळ्यात खालच्या फळीवर खारुताईचे आहेत. आप्पांनी शोधून शोधून तिचे जुनेही आणून ठेवले, लहानापासून मोठ्यापर्यंत. एके काळी त्यांतले कितीतरी वजनावाचून माझ्यातून गेले होते. आता त्यांचे वजन मला लागते, आणि ते मी फार जपून धरतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखा कोणी कोपऱ्यात उभा असेल, तर त्याच्यावरची धूळ कधीतरी पुसा. आणि काही अडले, सगळे जण आपापले ठीक असल्याचे सांगू लागले, तर वायर हातात धरून दुसऱ्या टोकापर्यंत जा. तिथे कोणीतरी एका पायावर उभे राहून वाट बघत असते.